तुळया पुसायची काठी

वासंतीवहिनींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. वेणी घालायची तर मान वाकडी करून, डोकं जवळजवळ गुडघ्यापर्यंत आणून, डाव्या हाताने. बघणाऱ्याला वाटे, बाई देवाला नमस्कार करते आहे.

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही डहाणूला रेल्वे फाटकाच्या बाजूला, एका इराणी वाडीवाल्याच्या घरात भाड्याने राहत होतो. घर कौलारू, ऐसपैस आणि उगाचच उंच. माझे यजमान श्यामकांत मालधक्क्यावर कारकून होते. सासरे, म्हणजे अप्पा, शाळेतून निवृत्त झालेले. सासूबाईंना सगळे माई म्हणत. वहिनींचे यजमान वलसाडला इंजिन शेडमध्ये, महिन्यातून दोन रविवार घरी येत आणि ते दोन दिवस झोपून काढत.

तेव्हा वाफेची इंजिनं होती. गाडी थांबली की धूर आमच्या कौलांमधून आत येई, समुद्राचा दमट वारा त्याला चिकटपणा देई, आणि ती काजळी तुळयांवर थर धरून बसे. जळमटं तर दोऱ्यांसारखी काळी होऊन लोंबत. घट बसायच्या आधी सगळं घर झाडायचं, तसं ते कुणाकडेही झाडतात. बाकीच्या खोल्यांत बांबूला केरसुणी बांधली की अर्ध्या तासात काम व्हायचं. पण मधल्या खोलीत देवघर होतं, आणि माईंचा नियम होता की देवांच्या डोक्यावर केरसुणी न्यायची नाही. म्हणून त्या खोलीतल्या सहा तुळया घरच्या सुनेने, न्हाऊन, सोवळ्याने, हातात फडकं घेऊन पुसायच्या. टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर सून.

"देव तेवढ्यापुरते दुसऱ्या खोलीत नेले तर?" मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"देव काय पाहुणे आहेत, इकडून उठा नि तिकडे बसा म्हणायला?" माई म्हणाल्या.

सत्तावन्न साली वहिनी चढल्या. स्टूल मी धरलं होतं. चार तुळया झाल्या, पाचवी चालू होती, आणि माईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहिल्या, दूध बघ गं!" मी स्टूल सोडलं आणि गेले. दूध उतू गेलंच नव्हतं, नुसतं वर आलं होतं. मी पातेलं उतरवलं आणि मागे आवाज झाला.

वहिनी उजव्या खांद्यावर पडल्या होत्या. ओरडल्या नाहीत. तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज आला फक्त. माई आल्या, त्यांनी आधी देवघराकडे बघितलं, काही सांडलं-लवंडलं नाही ना ते, आणि मग म्हणाल्या, "पाय नीट ठेवायला नको?"

अप्पांनी हाडवैद्य बोलावला. त्याने तेल चोळलं, हात ओढला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना थांबायला सांगितलं. दीड महिन्याने सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर बसवला असता. अप्पा घरी येऊन म्हणाले, "नशीब एकेकाचं." उरलेल्या दोन तुळया त्याच संध्याकाळी मी चढून पुसल्या होत्या. घट वेळेवर बसले.

मला राग आला तो त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी घाबरले होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या वर्षी चढायची पाळी माझी नव्हती याचं मला आधी बरंही वाटलं होतं. राग नंतर आला, रोज थोडा थोडा. मधल्या खोलीच्या भिंतींना खाली चार बोटं रुंदीची काळ्या दगडाची पट्टी होती. दमट हवेने तिच्यावर रोज चिकट पापुद्रा धरायचा, आणि ती पट्टी रोज पुसायची हेही सुनेचंच काम. "उभं राहून होत नाही ना, मग बसून कर," असं म्हणून माईंनी ते वहिनींना दिलं. त्या फरशीवर बसून, डाव्या हाताने, बूड घासत घासत चारी भिंती फिरायच्या. शेजारी झोपाळ्यावर अप्पा वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. वहिनी जवळ आल्या की ते पाय वर घ्यायचे.

अठ्ठावन्नच्या श्रावणात मला चौथा महिना लागला. माईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे नवरात्राला पाचवा सरून सहावा. तू काही चढायची नाहीस. वासंतीच चढेल. डावा हात आहे की तिला."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांची बोटं तेवढी थांबली.

मी त्याच दिवशी ठरवलं की त्या स्टुलावर वहिनींचा पाय पुन्हा पडू द्यायचा नाही. माईंशी बोलून उपयोग नव्हता, श्यामकांतांशी तर नव्हताच. ते म्हणत, "बायकांच्या कामात मी कशाला पडू?" केरसुणी चालत नाही ना, मग केरसुणी नसलेलं काहीतरी करायचं, असं माझ्या डोक्यात आलं. फडकंच, पण लांब दांड्याला.

ऐकायला सोपं वाटतं. आधी मी घरातल्या जुन्या बांबूला फडकं गुंडाळून मागच्या पडवीत करून पाहिलं. बांबू जड, फडकं ओलं, टोक खाली ओढायचं, आणि दोन मिनिटांत माझेच दंड भरून आले. वहिनींना तर एका हाताने करायचं होतं. शिवाय तुळईची खालची बाजू पुसली जायची, पण काजळी बसते ती वरच्या अंगाला. सरळ काठी वर पोचतच नाही. पोचवायला गेलं तर काजळी डोळ्यांत.

आमच्याकडे वाढवणहून जमुना मासळी घेऊन यायची. पाटी उतरवून मागच्या दाराशी बसली की तिचं तोंड सुटायचं. तिने मला बांबू उलटासुलटा करताना पाहिलं.

"काय गो बाय, आभाळ झाडते काय?"

"तुळया पुसायच्यात."

"मग मानूस चढव ना वरती. नवरा हाय ना घरात?"

"आमच्यात बायका चढतात."

"आमच्यात बायका खालतीच असतात, डोलकाठीवर बाप्ये चढतात," ती म्हणाली आणि खो खो हसली. मग शेजारी बसलेल्या वहिनींच्या हाताकडे बघून हसायची थांबली. तिने बांबू हातात घेतला, तोलून पाहिला. "ह्ये टोकाला सरळ कशाला ठेवलंस? ह्याला कोपर पायजे. हात बघ तुझा, कोपर नसता तर पाठ खाजवली असतीस काय?"

पुढच्या खेपेला तिने पाटीत मासळीखाली घालून एक लाकूड आणलं. तिचा नवरा देवजी होड्या दुरुस्त करायचा. होडीच्या फासळ्यांना मुळातच वाकडं वाढलेलं बाभळीचं लाकूड लागतं. कापून वाकडं केलेलं पाण्यात टिकत नाही. त्यातला उरलेला वीतभर तुकडा होता, अगदी कोपरासारखा. त्याला बोंबलाचा वास येत होता. मी तो चार दिवस उन्हात ठेवला, राखेने घासला, पुन्हा उन्हात ठेवला.

"पैसे किती?" मी विचारलं.

"तुझ्या सासूला सांग, पापलेटाचा भाव करताना तोंड जरा आवर. फिटलं."

बांबू मी तलासरीहून आणला. माझे वडील तिथे शिक्षक होते. मंगळागौरीचं निमित्त काढून मी दोन दिवस माहेरी गेले. शाळेची कुडं, म्हणजे कारवीच्या भिंती, विणून देणारा हाल्या नावाचा वारली म्हातारा होता, त्याला मी सांगितलं की हलका पाहिजे, पण लवता कामा नये. त्याने विचारलं, कशाला? मी सगळं सांगितलं, वहिनींच्या हातासकट. दुसऱ्या दिवशी दोन बांबू घेऊन आला, मनगटापेक्षा बारीक, पिवळे, आतून पोकळ. म्हणाला, तीन पावसाळे पाहिलेले आहेत, कोवळा घेतलास तर वाकेल आणि भुंगा लागेल. मोटारीच्या टपावर टाकून आणले. कंडक्टर म्हणाला, "बाई, मंडप घालताय काय?"

एक बांबू सहा फुटी ठेवला, दुसरा चार फुटी. चार फुटीच्या टोकाला ते बाभळीचं कोपर बसवलं. जोड कसा करायचा ते पुन्हा जमुनानेच दाखवलं: दोन्ही बांबू हातभर एकावर एक घ्यायचे, एका जागी आवळायचं नाही, दोन जागी दोरीचे वेढे द्यायचे, आणि मग वेढ्याखाली पाचर ठोकायची. पाचर ठोकली की काठी लांब. पाचर काढली की वरचा चार फुटी तुकडा सुटा. कोपराला मी काथ्याची गादी बांधली आणि तिच्यावर नव्या मांजरपाटाची खोळ शिवली, नाडीची, मळली की काढून धुवायची. खोळ ओली करून, पिळून घट्ट बांधली की काजळी उडत नाही, कापडाला धरते. कोपर तुळईवर अडकवायचं आणि काठी ओढत चालत जायचं. वजन तुळईच पेलते. हात उचलून धरायला लागत नाही, छातीपाशी दोन्ही हात आले की पुरे. वहिनींचा उजवा हात छातीपर्यंत येत होता.

हे सगळं जमायला सात खोळी फुकट गेल्या आणि तीन आठवडे. मी मागच्या पडवीत करून पाहायची, वहिनी पहारा ठेवायच्या. एकदा त्यांनी स्वतः काठी घेतली, पडवीच्या तुळईवर कोपर अडकवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग परत आल्या. मग पुन्हा गेल्या. "अगं पुरे," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "थांब गं, कधीपासून वर बघितलंच नव्हतं."

इथेच मी चूक केली. चार फुटी तुकडा सुटा होता आणि त्याचं कोपर उलटं धरलं की भिंतीच्या पायथ्याच्या दगडी पट्टीवर ते सपाट बसायचं. उभ्याउभ्या सगळी पट्टी पुसून व्हायची. वर्षभर बूड घासत फिरणाऱ्या बाईला मी हे कसं सांगितलं नसतं? तुळया वर्षातून एकदा, पट्टी रोजची. मला तर वाटलं, हेच खरं मोठं काम झालं. आणि घट बसायच्या आधीच्या रविवारी, सगळे घरात असताना, मी काठी मधल्या खोलीत आणली आणि आधी खालचं दाखवलं.

"बघा माई, वाकायलाच नको," म्हणत मी झोपाळ्यापासून देवघरापर्यंतची पट्टी पुसून काढली. अप्पांनी सवयीने पाय वर घेतले. मग मी पाचर ठोकली, काठी लांब केली आणि कोपर वर तुळईकडे नेलं.

"थांब!" माई अशा ओरडल्या की माझ्या हातातून काठी सुटायची राहिली. "आत्ता जमिनीवर घासलंस ना ते? जिथे पाय पडतात तिथे? आणि ते माझ्या देवांवर नेतेस?"

"मी खोळ बदलते, माई. दुसरी नवी आहे."

"खोळ बदलशील. लाकूड?"

"केरसुणी नाहीये ही."

"जमिनीला लागलं ते केरसुणीच. शहाणपणा नको." त्यांनी माझ्या हातून काठी घेतली, अंगापासून लांब धरली, परसात नेली आणि संडासाच्या भिंतीला टेकवून ठेवली. म्हणजे कायमची बाद. तीन आठवडे, तलासरी, वाढवण, सगळं. परत आल्या, हातपाय धुतले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वासंती, न्हाऊन घे. श्याम, टेबल सरकव."

श्यामकांतांनी टेबल सरकवलं. हे मी अजून विसरलेले नाही. वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली, उठले आणि टेबल सरकवलं. वर स्टूल ठेवलं, हलतंय का ते हाताने बघितलं, खाली कागदाची घडी घातली. एवढी काळजी!

वहिनी न्हाऊन आल्या. केस ओले, डाव्या हातात फडकं. टेबलापाशी येऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मी जाऊन त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिले.

"त्या चढणार नाहीत."

"मग कोण, तू? पोटुशी बाई?" माई म्हणाल्या.

"मीही नाही. अप्पा चढतील."

झोपाळा थांबला.

"काय बोलतेस तू?" श्यामकांत म्हणाले. "तोंड सांभाळ."

"का? सोवळ्याने चढायचं ना? या घरात अप्पांइतकं कडक सोवळं कुणाचं आहे? रोज पूजा तेच करतात. देवांच्या डोक्यावर त्यांचा हात चालतो, मग फडकं का नाही चालणार?"

"सासऱ्याला स्टुलावर चढवतेस!" माईंनी पदर तोंडाला लावला. "कुठल्या घराण्यातली सून आणली आपण!"

"सुनेला चढवता तेव्हा घराणं कुठे जातं?"

श्यामकांतांचा हात उठला होता. मी बघितला. तो खाली आला तो अप्पांच्या आवाजाने. अप्पा शिक्षक होते, शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे अशी त्यांना सवय. "चढतो की," ते म्हणाले. "एवढा काय तमाशा? दहा मिनिटांचं काम. तुम्हा बायकांना प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची हौस." मुकटा नेसून आले, धोतरासारखा खोचला, वहिनींच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि टेबलावर चढले. टेबलावरून स्टुलावर. श्यामकांतांनी स्टूल धरलं, दोन्ही हातांनी, आणि या वेळी स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली नाही.

अप्पा उभे राहिले. वर हात केला, तुळईला लावला. मग त्यांनी खाली बघितलं.

पुढे जे झालं ते फार वेळ चाललं नाही, पण मला ते सगळं आठवतं. त्यांचे गुडघे हलायला लागले, त्याबरोबर स्टूल, त्याबरोबर टेबल. त्यांनी फडकं टाकलं आणि दोन्ही हातांनी तुळई मिठीत घेतली. काजळी त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर, रेशमी मुकट्यावर. "श्याम, धर! अरे धर! सोडू नकोस!" श्यामकांत म्हणत होते, "धरलंय, अप्पा, उतरा." "उतरू कसा? पाय सुटत नाही!" माई देवांना हाका मारत होत्या. शेवटी शेजारच्या भिकूला हाक मारली, त्याने आणि श्यामकांतांनी मिळून त्यांना खाली घेतलं. झोपाळ्यावर बसवलं. मी पाणी आणलं. तांब्या त्यांच्या दातांवर वाजत होता.

तांब्या रिकामा झाला तेव्हा अप्पा म्हणाले, "ती काठी कुठे आहे?"

"संडासापाशी," माई म्हणाल्या.

"धुऊन घ्या. लाकडाला विटाळ नसतो, वाळलेल्या बांबूला तर नसतोच. फडकं तेवढं बदलायचं. शास्त्रात आहे तसं."

"कुठल्या शास्त्रात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आहे," अप्पा म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

एक तांब्याभर पाणी पिण्याइतका वेळ लागला शास्त्र सापडायला. वहिनींचा खांदा निखळला त्याला वर्ष झालं होतं. त्या वर्षभरात ते शास्त्र याच घरात, याच झोपाळ्यावर बसून होतं. मला आज हे लिहितानाही मूठ आवळावीशी वाटते. लोक म्हणतात, वयाबरोबर राग निवतो. कुणाचा निवत असेल.

काठी धुतली. माईंनी स्वतः गोमूत्र शिंपडलं, तीन वेळा, म्हणजे त्यांचा मान राहिला. मी नवी खोळ चढवली. मग माई म्हणाल्या, "वासंती, घे आता. आता तरी काही अडचण नाही ना?"

वहिनींनी काठीकडे बघितलं. त्यांना ती चालवता येत होती, मला माहीत होतं, त्यांनाही. पडवीत त्या हसत हसत फिरल्या होत्या.

"माझ्याने होणार नाही, माई," त्या म्हणाल्या. "माझा हात वर होत नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे." आणि बाहेर ओटीवर जाऊन बसल्या. त्या घरात आल्यापासून कुठल्याही कामाला त्यांनी 'नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काठी श्यामकांतांच्या हातात दिली. त्यांनी अप्पांकडे बघितलं, अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. माईंकडे बघितलं, त्या मुकटा भिजत घालायला उठल्या होत्या. "कसं धरायचं हे?" त्यांनी शेवटी मला विचारलं, आणि मी दाखवलं.

वहिनींनी ओटीवरची खुर्ची वळवून दाराकडे तोंड केलं होतं. श्यामकांत पहिली तुळई संपवून दुसरीकडे वळले, तशा त्या म्हणाल्या, "भावजी, भिंतीपाशी राहिलंय."

ते मागे गेले. पुन्हा ओढलं.

"अजून आहे. वरच्या अंगाला."

"वहिनी, दिसतंय का तुम्हाला तिथून?"

"चांगलं दिसतंय."

सहा तुळया व्हायला दीड तास लागला. एकेक तुळई त्यांनी दोनदा करून घेतली, पाचवी तीनदा. श्यामकांतांच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा पट्टा उमटला, पापण्या काळ्या झाल्या, तरी त्या आवाज न चढवता सांगत राहिल्या, डावीकडे, थोडं पुढे, तिथे नाही, तिथे. शेवटी श्यामकांतांनी काठी खाली ठेवली आणि विचारलं, "झालं?"

"पाचर काढा," वहिनी म्हणाल्या. "खोळ बदला आणि आता खालची पट्टी घ्या. झोपाळ्यापासून सुरुवात करा."

अप्पांनी पाय वर घेतले.